जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचा चेसिस नंबर सापडत नाही किंवा जुळत नाही: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींत जुनी फोक्सवॅगन कॅम्पर घेऊन ती नव्याने उभी करायची हौस बऱ्याच जणांना आहे. मी या गाड्यांवर काम करतो, आणि गाडी दारात आली की एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते: लॉगबुकातला (म्हणजे ब्रिटनमधल्या नोंदणीच्या कागदातला) नंबर गाडीवर सापडत नाही, किंवा सापडतो पण जुळत नाही. मालक घाबरतो, गाडी चोरीची निघाली की काय असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. पण ग्राइंडर लावण्याआधी हा गुंता सुटलाच पाहिजे, कारण नंबर नेमका त्या पत्र्यावर असतो जो सगळ्यात आधी गंजतो आणि सगळ्यात आधी कापला जातो.

इथे मी 'बे विंडो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाइप २ बद्दल लिहितोय, म्हणजे ऑगस्ट १९६७ पासून १९७९ पर्यंत जर्मनीत बनलेली, पुढे एकसंध मोठी काच असलेली गाडी. मागच्या-पुढच्या मॉडेलांचा उल्लेख लागेल तिथे येईल.

लक्षणं

यातलं एखादं किंवा एकाहून जास्त दिसेल.

- लॉगबुकात (व्ही५सी) चेसिस नंबर आहे, गाडीवर मात्र कुठेच दिसत नाही.
- गाडीवर पट्टी आहे, पण तिच्यावर चार-पाचच आकडे, लॉगबुकात दहा.
- दोन पट्ट्या, दोन वेगळे नंबर.
- सगळं जुळतं, एकच अंक चुकतो.
- लॉगबुक म्हणतं गाडी १९७१ ची, नंबर सांगतो १९७२.
- इंजिन नंबर जुळत नाही.
- नंबर स्पष्ट आहे, पण त्याच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ आहे.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी सगळ्यांचं साधं, निरुपद्रवी उत्तर असू शकतं. शेवटचं दिसलं तर मधल्या पायऱ्या सोडा आणि 'कुठे थांबायचं' हा भाग आधी वाचा.

१. आधी कागद, गाडी नंतर

ही तपासणी घरात बसून, फुकटात होते. व्ही५सी समोर घ्या आणि नंबरात किती अंक आहेत ते मोजा. मोजणी वरवरची वाटते, पण अर्धा उलगडा तिथेच होतो.

ऑगस्ट १९६४ पासून या गाड्यांना नऊ अंकी नंबर होता. पहिले दोन अंक बॉडीचा प्रकार सांगतात, तिसरा मॉडेलचं वर्ष, आणि पुढचे सहा म्हणजे अनुक्रमांक. ऑगस्ट १९६९ पासून, म्हणजे १९७० च्या मॉडेलपासून, वर्षाच्या अंकानंतर एक '२' वाढला आणि नंबर दहा अंकी झाला. समजा नंबर २३२२१४७०३६ आहे. २३ म्हणजे कॉम्बी (खिडक्यांची, मागच्या सीट काढता येणारी गाडी), नंतरचा २ म्हणजे १९७२ चं मॉडेल, पुढचा २ हा सत्तरच्या दशकात सगळ्याच गाड्यांना असलेला अंक, आणि १४७०३६ हा अनुक्रमांक. बॉडीच्या प्रकारांत २१ म्हणजे बंद व्हॅन, २२ म्हणजे मायक्रोबस, २३ म्हणजे कॉम्बी आणि २६ म्हणजे पिकअप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आता दारातल्या गाडीकडे बघा. कॅम्परचा नंबर २३ ने सुरू होत असेल तर उत्तम, बहुतेक कॅम्पर कॉम्बीवरच बनायच्या. २१ ने सुरू होत असेल तरी काळजी नको. बंद व्हॅन घेऊन तिच्या बाजू कापून खिडक्या बसवायची पद्धत होतीच. पण खिडक्यांची कॅम्पर आणि नंबर २६ ने सुरू होतोय, हे मात्र गंभीर आहे. पिकअपचा नंबर कॅम्परवर यायला सरळ मार्ग नाही. आधी नंबर चुकीचा वाचला किंवा लिहिला गेला नाही ना याची खात्री करा, आणि ती झाली तर पुढे एकही पैसा घालू नका.

वर्षाचा घोळही इथेच सुटतो. कारखान्यात उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, ऑगस्टमध्ये, पुढच्या वर्षाचं मॉडेल सुरू व्हायचं. त्यामुळे सप्टेंबर १९७१ मध्ये बनलेल्या गाडीवर १९७२ चा नंबर असतो आणि लॉगबुकात १९७१ लिहिलेलं असतं. दोन्ही बरोबर. यावरून विक्रेत्याशी भांडलेले लोक मी पाहिले आहेत.

नंबरात सतरा अक्षरं-आकडे असतील तर तुमच्याकडे सत्तरच्या दशकातली जर्मन बे विंडो नाहीच. 'डब्ल्यूव्ही' ने सुरू होणारा, मधे 'झेड' ची रांग असलेला नंबर म्हणजे १९८१ पासूनच्या मॉडेलची, नंतरच्या चौकोनी पिढीची गाडी. '९बीडब्ल्यू' ने सुरू होत असेल तर गाडी ब्राझीलची. तिथे ही गाडी डिसेंबर २०१३ पर्यंत बनत होती, आणि त्यातल्या बऱ्याच ब्रिटनमध्ये आणून कॅम्पर म्हणून विकल्या गेल्या. दिसायला जुनी, वयाने तरुण. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकरात सूट मिळते, त्यामुळे अशी गाडी 'सत्तरची आहे' म्हणून कोणी विकत असेल तर किमतीचा आणि कराचा दोन्ही हिशेब चुकतो. तिच्या नाकावर रेडिएटरची काळी जाळी असेल तर ती २००५ नंतरची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे.

२. केबिनमधल्या पट्ट्या

आता टॉर्च आणि ओला कपडा घेऊन गाडीत बसा. खर्च अजूनही शून्य.

कारखान्याची ओळखपट्टी आणि तिच्या सोबतीची 'एम-प्लेट' (रंग, सुविधा वगैरेंचे कोड असलेली छोटी पट्टी) केबिनमध्ये असते: पुढच्या सीटच्या मागच्या पत्र्यावर किंवा डोक्यावरच्या हवेच्या डक्टवर. मॉडेलच्या वर्षानुसार जागा बदलत गेली, म्हणून एका जागी नाही सापडली तर दुसरीकडे बघा. कॅम्परमध्ये ती बहुधा कपाटामागे, जाड कापडाच्या अस्तराखाली किंवा रंगाच्या तीन थरांखाली असते. अस्तर फाडू नका. कडेचे स्क्रू सोडून ते हळूच बाजूला घ्या.

अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत डॅशबोर्डवर, बाहेरून काचेतून वाचता येईल अशी नंबराची छोटी पट्टी असते. ब्रिटनमधल्या कितीतरी गाड्या कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून आलेल्या आहेत, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे असेल तर ही पट्टी नक्की शोधा. दाराच्या खांबावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगणारं स्टिकरही असू शकतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, आणि रिव्हेट काढून दुसरी पट्टी बसवणं सोपं आहे. म्हणून पट्टीवरचा नंबर हा दुय्यम पुरावा. रिव्हेटची डोकी नीट बघा: पट्टी जुनी, मळलेली आणि रिव्हेट नवे चकचकीत असतील तर का बदलले ते विचारा. कधीकधी रंगकामासाठी पट्टी काढून परत लावलेली असते, आणि विक्रेता ते सांगतोही.

३. कॅम्पर बनवणाऱ्याची पट्टी

'दोन नंबर सापडले' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं. फोक्सवॅगनने गाडी बनवली, पण आतला पलंग, ओटा, उचलायचं छप्पर हे काम दुसऱ्यांचं. जर्मनीत वेस्टफालिया, ब्रिटनमध्ये डेव्हन, डॉर्मोबाइल, डॅनबरी, व्हायकिंग. हे सगळे आपापली पट्टी लावायचे आणि तिच्यावर आपल्या कामाचा स्वतःचा क्रमांक टाकायचे. तो चार-पाच आकड्यांचा नंबर चेसिस नंबर नव्हे. तो म्हणजे तुमच्या गाडीच्या आतल्या सुतारकामाचा क्रमांक.

जुन्या मालकाने तोच क्रमांक विम्याच्या कागदावर चेसिस नंबर म्हणून लिहिलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि पुढच्या मालकाने तोच उतरवून घेतलेला. ही चूक विमा कंपनीला पत्र लिहून दुरुस्त होते. पण दावा करायची वेळ येण्याआधी करा.

ही पट्टी टाकून मात्र देऊ नका. कोणत्या कारखान्याचं कोणतं छप्पर, कोणता ओटा होता हे ठरवायला तीच उपयोगी पडते, आणि मूळ कामाची खूण म्हणून गाडीची किंमतही टिकवते.

४. इंजिनाच्या खोलीतला ठोकलेला नंबर

खरा नंबर हाच. मागचं इंजिनाचं झाकण उघडा आणि उजव्या बाजूच्या पत्र्यावर, बॅटरीच्या आसपास, शोधा. नंबर पत्र्यातच ठोकलेला असतो, पट्टीवर नसतो. लॉगबुकातला नंबर जुळायला हवा तो याच्याशी.

आणि तो दिसत नाही त्याचं कारणही जागेतच आहे. शेजारी बॅटरी असते. तिचं ॲसिड वर्षानुवर्षं सांडतं, वाफ बसते, ओल धरते. पत्रा आधी फुगतो, मग पापुद्रे सुटतात, मग भोक पडतं. त्यावर कोणीतरी घाईत काळा रंग फासतो. म्हणजे नंबर तिथे असतो, पण ग्रीस, रंग आणि गंज यांच्या खाली.

काढायची पद्धत अशी. आधी बॅटरीची जोडणी सोडा, निगेटिव्ह टोक पहिलं. मग बॅटरी उचलून बाहेर ठेवा. इंजिन पूर्ण थंड असू द्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बघा. पन्नास वर्षं जुनी गाडी, चिरलेली नळी आणि बंद जागा. या गाड्या इंजिनाच्या आगीत गेल्याची उदाहरणं थोडी नाहीत. म्हणून इथे हीट गन नाही, गॅस बर्नरची ज्योत नाही, ठिणगी उडवणारं काहीही नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर नंबराचं काम बाजूला ठेवून आधी नळ्या बदला.

ग्रीस डीग्रीझर आणि जुन्या टूथब्रशने काढा. रंग असेल तर रंग काढायचं रसायन कापसाच्या बोळ्यावर घेऊन थोडं थोडं लावा, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक आणि भांडी घासायची नायलॉनची घासणी, एवढं पुरे. हातमोजे आणि चष्मा घाला. वायर ब्रश लावलेला ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग या जागी अजिबात नको. ठोकलेल्या अंकाची खोली फार नसते, आणि गंजलेल्या पत्र्यावर ग्राइंडर फिरला की अंक आणि पत्रा दोन्ही एका दमात जातात. नंबर 'गायब' झालेल्या गाड्यांपैकी कितीतरी अशाच, चांगल्या हेतूने केलेल्या सफाईत गेल्या आहेत.

साफ केल्यावरही समोरून बघितलं तर काही कळत नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा. कडांची सावली पडते आणि अंक उभे राहतात. फोनचा फ्लॅश बंद ठेवून याच उजेडात तीन-चार बाजूंनी फोटो घ्या.

मग आरटीओची युक्ती. महाराष्ट्रात गाडी नावावर करताना फॉर्मवर चेसिसचा पेन्सिल प्रिंट काढलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही सांगायला नको. पातळ कागद नंबरावर घट्ट धरा, वरून चिकटपट्टी लावा म्हणजे हलणार नाही, आणि मऊ पेन्सिलीची आडवी कड हलक्या हाताने फिरवा. डोळ्याला न दिसणारा अंकसुद्धा कागदावर पांढरा उमटतो. मी एकाच जागेचे चार-पाच प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवतो. एकात तीनची वरची कड येते, दुसऱ्यात खालची, आणि मग तो तीन आहे की आठ हे ठरतं. एका अंकाची चूक बहुतेक वेळा इथलीच असते: ३ आणि ८, १ आणि ७, ६ आणि ०. लॉगबुकातही कधी कारकुनाने असाच चुकीचा वाचून लिहिलेला असतो. तसं असेल तर फोटो आणि प्रिंट जोडून डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी संस्थेला) कळवलं की दुरुस्ती मागता येते.

या प्रिंटांवर तारीख घालून ते फाइलमध्ये ठेवा. पुढे पत्रा बदलायची वेळ आली तर काम सुरू होण्याआधीचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो.

५. एम-प्लेट वाचा

ठोकलेला नंबर अर्धवट मिळाला असेल तर एम-प्लेट उरलेली बाजू भरून काढते. तिच्या पहिल्या ओळीत चेसिस नंबर असतो, पण सुरुवातीचे दोन अंक गाळून. वरच्या उदाहरणात २२१४७०३६ एवढाच. गाळलेला बॉडीचा प्रकार शेवटच्या ओळीत मॉडेलच्या कोडमध्ये येतो. त्यामुळे 'पट्टीवर दोन अंक कमी आहेत' ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी शेवटची ओळ दाखवतो.

बाकीच्या ओळींत रंगाचा आणि आतल्या कापडाचा कोड, कारखान्यातून बसवून आलेल्या सुविधांचे कोड, गाडी कुठे पाठवायची होती ते ठिकाण. बऱ्याच पट्ट्यांवर उत्पादनाचा आठवडा आणि वारही असतो. '२५ ३' म्हणजे पंचविसाव्या आठवड्यातला बुधवार. नूतनीकरण करणाऱ्याला याहून मोलाचा कागद नाही. गाडी आज निळी आहे आणि कोड दुसऱ्याच रंगाचा आहे, तर सीटखालच्या किंवा डॅशच्या मागच्या कोपऱ्यात थोडा रंग खरवडून बघा. खाली कोडातला रंग निघाला तर ती पट्टी त्याच गाडीची आहे याचा तो भक्कम आधार झाला. नाही निघाला तर पट्टी कुठून आली हा प्रश्न उभा राहतो.

६. इंजिन नंबर: किती महत्त्व द्यायचं

फार नाही. १६०० सीसीच्या इंजिनात तो क्रँककेसवर (इंजिनाच्या मुख्य कवचावर), डायनामोच्या स्टँडखाली ठोकलेला असतो. मोठ्या १७००, १८०० आणि २००० च्या इंजिनांत क्रँककेसवरच पण वेगळ्या जागी. सुरुवातीची अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात.

ही इंजिनं दोन तासांत उतरतात आणि चढतात, म्हणून आयुष्यात दोन-तीनदा बदललेली असणं नेहमीचंच. इंजिन जुळत नाही म्हणून गाडी संशयास्पद ठरत नाही. फक्त नोंद अद्ययावत हवी. बदललेल्या इंजिनाची पावती किंवा गॅरेजचं पत्र जोडून डीव्हीएलएला कळवा. १९६८ च्या गाडीत २००० चं इंजिन दिसलं तर ते नंतर बसवलेलं आहे, कारण ते १९७६ च्या मॉडेलपासूनच यायला लागलं. विमा कंपनीलाही हे सांगायला हवं.

७. वोल्फ्सबुर्गला विचारा

इथपासून पैसे लागतात. जर्मनीत वोल्फ्सबुर्गमध्ये फोक्सवॅगनच्या ऑटोम्युझियमचं फाउंडेशन आहे. चेसिस नंबर दिला की शुल्क घेऊन ते कारखान्याच्या नोंदीवरून प्रमाणपत्र देतं: गाडी कधी बनली, कोणत्या रंगात, कुठे पाठवली. लोक त्याला गाडीचा जन्मदाखला म्हणतात. ठोकलेला नंबर, एम-प्लेट आणि हा दाखला तिन्ही एका सुरात बोलले की माझं समाधान होतं आणि मी कटिंगला परवानगी देतो. एखादा अंक अजूनही शंकेचा असेल तर दाखल्यातला रंग आणि तारीख एम-प्लेटशी ताडून बघा. चुकीच्या अंकाचा दाखला दुसऱ्याच गाडीचा येतो आणि ते लगेच कळतं.

सोबत एचपीआयसारखी इतिहास-तपासणी करून घ्या. चोरीची नोंद, थकलेलं कर्ज, विमा कंपनीने निकाली काढलेली गाडी हे त्यातून समजतं. खरं तर हे गाडी घेण्याआधीच करायचं काम.

कुठे थांबायचं

नंबराभोवती वेल्डिंगची रेघ दिसली, तर हत्यार खाली ठेवा. बाजारात मिळणारे नवे पत्रे कोरे येतात, त्यांच्यावर नंबर नसतो. त्यामुळे पूर्वी कोणीतरी गंजलेला भाग बदलताना नंबराचा चांगला तुकडा जपून परत बसवला असेल, आणि ते प्रामाणिक काम असू शकतं. पण मेलेल्या गाडीचा तुकडा चोरीच्या गाडीत बसवल्यावरही रेघ अशीच दिसते. यातलं कोणतं घडलं हे मी किंवा तुम्ही अंगणात उभं राहून ठरवू शकत नाही. जुने फोटो, कामाच्या पावत्या असतील तर गोळा करा, आणि जुन्या गाड्यांची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या.

अंक घासून काढल्यासारखे दिसतात, एखादा अंक वेगळ्या आकाराचा किंवा ओळीतून सरकलेला आहे, पत्र्याला त्या जागी खोलगट चकाकी आहे: पोलिसांना कळवा. घासलेला नंबर रसायनाने परत दिसू शकतो हे खरं, पण ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम. घरी ॲसिड ओतून बघितलं तर उरलासुरला ठसाही जातो आणि पुराव्याशी छेडछाड केल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

नंबर खरोखरच गंजून गेला आहे, भोकच उरलं आहे, तर स्वतः पंच आणून ठोकू नका. कागदावर नंबर तुमचाच असला तरीही नाही. डीव्हीएलएला लिहा, हातातले सगळे पुरावे जोडा, गाडीची तपासणी होऊ द्या आणि त्यांची लेखी मंजुरी आल्यावरच नंबर ठोकून घ्या. गाडीची ओळख सिद्ध झालीच नाही तर तिला 'क्यू' ने सुरू होणारी नंबर प्लेट मिळू शकते. रस्त्यावर ती चालते, पण मूळ वर्षाची ओळख गेल्यामुळे किंमत बरीच उतरते.

आणि नंबर शाबूत आहे, भोवतीचा पत्रा मात्र कुजला आहे, हे तर रोजचंच. तेव्हा या गाड्यांवर हात बसलेल्या वेल्डरला बोलवा आणि काम सुरू होण्याआधी त्याला नंबर दाखवा. त्या भागावर मास्किंग टेप लावून मार्करने 'कापू नका' असं लिहा. तुकडा जागेवर ठेवूनच भोवतीचा पत्रा बदलता येतो. वेळ जास्त लागतो आणि मजुरीही. काम करताना आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो काढायला सांगा, प्रत्येक फोटोत नंबर आणि गाडीचा ओळखता येईल असा भाग दोन्ही यायला हवेत. वेल्डर म्हणाला की 'सगळं कापून टाकू, नंबर मागाहून बघू', तर दुसरा वेल्डर शोधा.